विकत घेतलेल्या शिफारशी

चेंबूरमध्ये ज्याचा दाताचा दवाखाना आहे, नीट-जेईईचा क्लास आहे, घरसामान हलवण्याचा किंवा केटरिंगचा धंदा आहे आणि ज्याने त्यासाठी छोटीशी वेबसाइट काढली आहे, अशा कुणालाही विचारून पाहा. त्याच्या ई-मेलमध्ये एका ठरावीक छापाची पत्रं वरचेवर येत असतात. तुमची साइट पाहिली, छान आहे, पण गूगलच्या पहिल्या पानावर दिसत नाही. अमुक हजार रुपयांत पाचशे बॅकलिंक देऊ, सगळ्या ‘डीए पन्नास प्लस’, तीन महिन्यांत नंबर एक. पत्राखाली आडनाव नसतं, कंपनीचा पत्ता नसतो. बरेच जण ते पुसून टाकतात. पण डायमंड गार्डनच्या आसपास महागडं भाडं भरून नुकताच बसलेला एखादा दंतवैद्य, ज्याच्या दारावरून दिवसभर माणसं जातात पण मोबाइलवर ‘चेंबूर डेंटिस्ट’ शोधणाऱ्याला जो सापडत नाही, तो कधीतरी पैसे भरतो. त्या पैशांत आपण नेमकं काय घेतलं आणि त्याचं पुढे काय होणार, हे त्याला कुणी नीट सांगत नाही.

बॅकलिंक म्हणजे दुसऱ्या कुणाच्या वेबसाइटवरून तुमच्या वेबसाइटकडे येणारा दुवा. वाचकाच्या दृष्टीने तो एका पानावरून दुसऱ्या पानावर नेतो, एवढंच त्याचं काम. शोधयंत्राला त्यात आणखी काही दिसतं. चेंबूरमध्ये नव्याने राहायला आलेलं कुटुंब बालरोगतज्ज्ञ शोधताना पाट्या वाचत हिंडत नाही, सोसायटीतल्या दोन-तीन आयांना विचारतं. जिच्या शब्दाला इतर जणी मानतात तिच्या सांगण्याला जास्त वजन, आणि तिघींनी आपापसांत न बोलता एकच नाव सांगितलं तर प्रश्नच मिटला. दुवा ही अशी शिफारस आहे असं धरून इंटरनेटवरची पानं क्रमाने लावता येतील, हे 1990च्या दशकाच्या उत्तरार्धात काही जणांना जवळपास एकाच वेळी सुचलं.

त्याआधीची शोधयंत्रं, उदाहरणार्थ 1995 साली सुरू झालेलं अल्टाव्हिस्टा, मुख्यतः पानावरचे शब्द बघत. त्यामुळे साइटवाले पांढऱ्या पार्श्वभूमीवर पांढऱ्या अक्षरांत एकच शब्द शेकडो वेळा लिहून ठेवत. माणसाला तो दिसत नसे, यंत्राला दिसे. पानाने स्वतःविषयी केलेल्या दाव्यापेक्षा इतर पानं त्याच्याविषयी काय म्हणतात ते बघावं, हा विचार या अनुभवातून पक्का झाला. स्टॅनफर्ड विद्यापीठात लॅरी पेज आणि सर्गे ब्रिन 1996 पासून ‘बॅकरब’ नावाच्या प्रकल्पावर काम करत होते आणि 1998 मध्ये त्यांनी गूगलची रचना सांगणारा शोधनिबंध प्रसिद्ध केला. पानांचा क्रम लावण्याच्या त्यांच्या ‘पेजरँक’ या पद्धतीच्या मूळ टिपणावर त्या दोघांसोबत टेरी विनोग्राड आणि मूळचे भारतीय राजीव मोटवानी यांची नावं आहेत. त्याच सुमारास आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेत जॉन क्लाइनबर्ग यांनी दुव्यांवरूनच पानांचं महत्त्व ठरवण्याची दुसरी पद्धत मांडली. तिथल्या ‘क्लेव्हर’ प्रकल्पात सौमेन चक्रवर्ती होते. 1999 मध्ये ते पवईच्या आयआयटी मुंबईत आले आणि 2002 मध्ये त्यांचं ‘मायनिंग द वेब’ हे पुस्तक निघालं. चेंबूरहून रिक्षेने जाता येईल इतक्या अंतरावर या विषयावरचा एक महत्त्वाचा ग्रंथकार शिकवत होता, हे आपल्याकडे फार थोड्यांना माहीत आहे.

या सगळ्यांच्या मागे आणखी जुनी कल्पना होती. युजीन गारफील्ड यांनी 1964 मध्ये ‘सायन्स सायटेशन इंडेक्स’ काढला, ज्यात कोणत्या शोधनिबंधाचा संदर्भ इतर किती निबंधांनी दिला याची मोजदाद होती. पेज आणि ब्रिन यांनी संदर्भांच्या जागी दुवे ठेवले आणि एक सुधारणा केली: सगळे संदर्भ सारखे मोजायचे नाहीत, देणारा कोण आहे हेही मोजायचं.

हिशेब असा. मूळ निबंधातल्या सूत्रानुसार प्रत्येक पानाला नुसतं अस्तित्वात असल्याबद्दल 0.15 गुण मिळतात. बाकीचे गुण इतर पानांकडून येतात. प्रत्येक पान आपल्या एकूण गुणांचे 85 टक्के आपल्यावरच्या सगळ्या दुव्यांमध्ये सारखे वाटून टाकतं. म्हणून मोठ्या गुणांच्या पानावरचा दुवा मोलाचा. आणि ज्या पानावर शंभर दुवे आहेत त्यातला एक मिळण्यापेक्षा, तेवढ्याच गुणांच्या पण एकच दुवा असलेल्या पानावरचा दुवा कितीतरी जास्त मोलाचा.

फसवणुकीची जागा त्या 0.15 मध्येच आहे. समजा मी एक हजार रिकामी पानं तयार केली. त्यांच्याकडे जगातलं दुसरं कुठलंही पान बोट दाखवत नाही. प्रत्येकावर मी एकच दुवा ठेवला, माझ्या दुकानाचा. प्रत्येक पान मला 0.15 चे 85 टक्के, म्हणजे 0.1275 गुण देईल. हजार पानांचे मिळून 127.5. आता माझ्या दुकानाच्या पानावरून त्या हजार पानांना उलट दुवे दिले, तर मी वाटलेले गुण फिरून माझ्याकडेच येतात आणि माझा आकडा साधारण 460 होतो, म्हणजे जवळजवळ 3.6 पट. एकाही खऱ्या माणसाने माझी शिफारस केलेली नाही, तरीही. याला लिंक फार्म म्हणतात. झोल्टान ग्योंग्यी आणि हेक्टर गार्सिया-मोलिना या स्टॅनफर्डच्या संशोधकांनी 2005 मध्ये अशा टोळ्यांचं गणित तपशिलात मांडलं, त्यात दोन-तीन फार्मवाले एकत्र आले तर प्रत्येकाचा फायदा कसा वाढतो हेही होतं.

गणित माहीत असणं एक आणि त्याचा बाजार होणं वेगळं. बाजार उभा राहायला दिसणारा आकडा लागतो, आणि तो गूगलनेच दिला. 2000 च्या अखेरीस कंपनीने ब्राउझरमध्ये बसवायची टूलबार काढली. तिच्यात प्रत्येक पानाचा पेजरँक 0 ते 10 अशा प्रमाणात दिसत असे. लगेच ‘पेजरँक सहाच्या साइटवर दुवा’ असा माल ठरावीक दराने विकला जाऊ लागला. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ चार्ल्स गुडहार्ट यांनी 1975 मध्ये चलनविषयक धोरणासंबंधात जे म्हटलं होतं त्याचाच हा प्रत्यय होता: एखादं मोजमाप नियंत्रणासाठी वापरायला लागलं की त्याची मोजण्याची ताकद जाते. गूगलने हा आकडा लोकांना दाखवणं 2016 मध्ये पूर्ण बंद केलं, पण तोवर त्याची जागा खासगी आकड्यांनी घेतली होती. चेंबूरच्या दंतवैद्याला पत्रात दाखवला जाणारा डीए, म्हणजे डोमेन ऑथॉरिटी, हा मॉझ नावाच्या अमेरिकी कंपनीने बाहेरून बांधलेला अंदाज आहे. गूगल तो आपल्या क्रमवारीत वापरत नाही. स्वस्त दुव्यांचा मारा करून तो आकडा फुगवूनही घेता येतो. म्हणजे पैसे देणाऱ्याला जी हमी दाखवली जाते ती मुळात गूगलची नाहीच.

हाच रोग ज्या क्षेत्रातून कल्पना आली त्या संशोधनक्षेत्रालाही जडला, आणि त्याचा सर्वांत चांगला पंचनामा पुण्यात झाला. प्राध्यापकांच्या नेमणुका आणि बढत्या प्रकाशित निबंधांच्या संख्येशी जोडल्या गेल्या, तशी पैसे घेऊन काहीही छापणारी नियतकालिकं फोफावली. सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचे भूषण पटवर्धन आणि सहकाऱ्यांनी विद्यापीठ अनुदान आयोगाच्या मान्यताप्राप्त यादीत विद्यापीठांच्या शिफारशीने आलेली 1009 नियतकालिकं तपासली. मार्च 2018 मध्ये ‘करंट सायन्स’मध्ये आलेला निष्कर्ष असा, की त्यांतली 88 टक्क्यांहून अधिक निकषांवर उतरत नव्हती. कुणाचा पत्ता खोटा, कुणाच्या संपादकांची नावं नाहीत, कुणी इम्पॅक्ट फॅक्टरचा, म्हणजे नियतकालिकाला मिळणाऱ्या संदर्भांच्या मोजमापाचा, खोटा आकडा मिरवलेला. आयोगाने त्या वर्षी मे महिन्यात 4305 नियतकालिकं यादीतून काढली, आणि पुण्याच्या विद्यापीठातच ‘यूजीसी-केअर’ यादीचं काम सुरू झालं, जी यादी आयोगाने 2025 मध्ये बंद केली. मला हे उदाहरण महत्त्वाचं वाटतं, कारण इथे फसवणारे कुणी परके भामटे नव्हते. शिकलेली माणसं होती, आणि आकडा मागणारी व्यवस्था त्यांच्या समोर होती. दंतवैद्याची अवस्था याहून फार वेगळी नाही.

आता बाजारातला माल बघू. लिंक फार्म हा त्यातला सर्वांत ढोबळ प्रकार. त्याहून चलाख म्हणजे खासगी ब्लॉगांचं जाळं: एकच माणूस पन्नास-शंभर वेगवेगळ्या नावांच्या साइट चालवतो, कुठे पाककृती, कुठे प्रवास, कुठे आरोग्य, आणि प्रत्येकीत मधूनच एखाद्या गिऱ्हाइकाचा दुवा पेरतो. ‘गेस्ट पोस्ट’ म्हणजे दुसऱ्याच्या साइटवर पाहुणा म्हणून लेख लिहिणं. ही मुळात चांगली रीत होती, पण पैसे देऊन केवळ दुव्यासाठी लेख छापून घेणं हा तिचा मुख्य उपयोग झाला, इतका की गूगलच्या स्पॅमविरोधी विभागाचे तेव्हाचे प्रमुख मॅट कट्स यांनी जानेवारी 2014 मध्ये ही पद्धत आता संपली असं जाहीर केलं. ती संपली नाही. आजही मराठीत तयार केलेले असे लेख सापडतात, ज्यात ‘घराची सजावट’ या विषयावरचं बेचव लिखाण चालू असताना मध्येच परदेशातल्या कसिनोचा दुवा येतो. तिसरा प्रकार जुन्या लेखात मागाहून दुवा घुसवण्याचा. आणि चौथा, ज्याकडे पुढे वळू, दुसऱ्याची साइट फोडून तिच्यात दुवे लावण्याचा.

शोधयंत्रांची पहिली मोठी उपाययोजना साधी होती. जानेवारी 2005 मध्ये गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्ट यांनी ‘नोफॉलो’ ही खूण मान्य केली. दुव्याच्या कोडमध्ये ती टाकली की वाचक तिथे जाऊ शकतो, पण शोधयंत्र त्याला शिफारस मानत नाही. विकिपीडियाच्या इंग्रजी आवृत्तीने 2007 पासून बाहेरच्या सगळ्या दुव्यांना ही खूण लावली. मराठी विकिपीडियावरच्या बाह्य दुव्यांनाही ती लागते. त्यामुळे जाहिरातबाजांचा तिथला रस कमी झाला. पण एखाद्या मराठी लेखात कुणी खपून शोधलेल्या उत्तम संदर्भालाही त्या दुव्याचं श्रेय मिळेनासं झालं. 2019 मध्ये गूगलने जाहिरातीच्या दुव्यांसाठी आणि वाचकांनी टाकलेल्या दुव्यांसाठी वेगळ्या खुणा दिल्या आणि नोफॉलोला आदेशाऐवजी केवळ सूचना मानायला सुरुवात केली.

दुसरी उपाययोजना शिक्षेची. जे. सी. पेनी ही अमेरिकेतली दुकानांची जुनी साखळी. 2010 च्या नाताळच्या हंगामात ड्रेस, गालिचे, फर्निचर, काहीही शोधा, तीच पहिली. ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या डेव्हिड सीगल यांनी एका जाणकाराकडून तपास करून घेतला. दोन हजारांहून अधिक पानांवर या दुकानाचे दुवे पेरलेले निघाले, आणि त्यांतल्या कित्येक साइटचा कपड्यांशी काही संबंध नव्हता. दुव्यावरचे शब्द मात्र अगदी गिऱ्हाइकाने शोधावेत तसे: ‘इव्हनिंग ड्रेसेस’, ‘लिट्ल ब्लॅक ड्रेस’. फेब्रुवारी 2011 मध्ये गूगलच्या माणसांनी हाताने कारवाई केली. ‘सॅम्सोनाइट कॅरी ऑन लगेज’ या शोधात हे दुकान संध्याकाळी पहिलं होतं ते काही तासांत एकाहत्तरावं झालं. कंपनीने आपल्याला काही माहीत नव्हतं असं सांगून एसईओ, म्हणजे शोधात साइट वर आणण्याचं काम, करणाऱ्या फर्मला काढून टाकलं. गूगलने स्वतःलाही सोडलं नाही, हे नोंदवायला हवं: क्रोम ब्राउझरच्या प्रचारासाठी पैसे देऊन लिहून घेतलेल्या मजकुरात दुवा निघाल्यावर जानेवारी 2012 मध्ये क्रोमच्या पानाचं स्थान किमान 60 दिवसांसाठी खाली आणलं गेलं. पुढच्या वर्षी ब्रिटनमधली फुलं विकणारी इंटरफ्लोरा ही कंपनी स्थानिक वर्तमानपत्रांत छापवलेल्या जाहिरातवजा लेखांमुळे काही दिवस स्वतःच्या नावाच्या शोधातही दिसेनाशी झाली, आणि ज्या वर्तमानपत्रांनी ते लेख छापले त्यांचाही पेजरँक उतरवला गेला.

पेनीच्या प्रकरणात दुव्यावरचे शब्दच साक्षीदार ठरले, आणि ते का हे समजून घेण्यासारखं आहे. खरा माणूस दुवा देतो तेव्हा तो ‘इथे वाचा’, दुकानाचं नाव, किंवा नुसता पत्ता असं काहीही लिहितो. शंभर वेगवेगळ्या साइटनी नेमकं ‘चेंबूरमधील सर्वोत्तम नीट क्लासेस’ हेच शब्द वापरून एकाच आठवड्यात दुवा दिला, तर ते एका हाताचं काम आहे हे उघड होतं. एकाच सर्व्हरवरच्या साइट, एकाच साच्याचा मजकूर, आपापसांतच दुवे देणारा आणि बाहेरून कुणीही न विचारलेला गट, विषयाशी मेळ नसणं, अशा खुणांवर संशोधकांनी वर्षानुवर्षं काम केलं आहे.

हे हाताने करणं अशक्य, म्हणून 24 एप्रिल 2012 रोजी गूगलच्या क्रमवारीत ‘पेंग्विन’ नावाचा बदल आला. गूगलच्या सांगण्यानुसार इंग्रजीतल्या सुमारे 3.1 टक्के शोधांवर त्याचा परिणाम झाला. टक्केवारी लहान वाटते, पण ज्यांचा धंदा त्या टक्क्यांत होता ते एका रात्रीत गायब झाले. आणि इथे मला गूगलचा त्या काळातला व्यवहार अन्यायाचा वाटतो. पेंग्विन सतत चालत नसे. मधूनच कधीतरी चालवला जाई. त्यामुळे चूक सुधारली तरी पुढच्या फेरीपर्यंत सुटका नाही. ऑक्टोबर 2014 नंतरची पुढची आवृत्ती आली ती थेट सप्टेंबर 2016 मध्ये. जवळजवळ दोन वर्षं कित्येक छोटे व्यावसायिक अशा दुव्यांची शिक्षा भोगत राहिले जे कधीकाळी नेमलेल्या एजन्सीने लावले होते. काहींचे तर त्यांनी लावलेलेही नव्हते. कारण वाईट दुव्यांनी शिक्षा होते म्हटल्यावर प्रतिस्पर्ध्याच्या नावाने वाईट दुवे विकत घेण्याचा धंदा सुरू झाला. दुवे नाकारण्याची सोय गूगलने ऑक्टोबर 2012 मध्ये दिली, पण त्यासाठी आपल्याकडे येणाऱ्या हजारो दुव्यांची यादी चाळून संशयित कोणते ते ओळखायचं काम दुकानदारावरच आलं.

2016 च्या आवृत्तीने हे धोरण बदललं. पेंग्विन आता सतत चालू लागला आणि वाईट दुव्यांबद्दल साइटला खाली ढकलण्याऐवजी त्या दुव्यांचे गुण धरेनासा झाला. 2018 पासून ‘स्पॅमब्रेन’ ही यंत्रशिक्षणावर चालणारी प्रणाली स्पॅम पकडायला आली, आणि डिसेंबर 2022 मध्ये गूगलने जाहीर केलं की ती आता दुवे विकत घेणाऱ्या साइट आणि दुवे विकण्यासाठीच काढलेल्या साइट, दोन्ही ओळखते. असे दुवे शून्यवत केले जातात आणि त्यांनी मिळालेलं श्रेय गेलं की परत येत नाही. हाताने केलेल्या शिक्षा अजून आहेत आणि त्यांची सूचना सर्च कन्सोल या गूगलच्या साइटमालकांसाठीच्या साधनात मिळते. पण बहुतेक वेळा काहीच कळवलं जात नाही. दंतवैद्य पाचशे दुव्यांचे पैसे भरतो, दुवे लागतात, अहवालात डीए वाढलेला दिसतो, आणि गूगलच्या लेखी काहीही घडलेलं नसतं. विकणारा मात्र पुढच्या महिन्याचं बिल पाठवतो. ही शांतता न्यायाच्या दृष्टीने पूर्वीपेक्षा बरी आहे. फसवणूक करणाऱ्या मध्यस्थाला मात्र ती सोयीची आहे.

शिवाय दंतवैद्याला जे हवं आहे त्यासाठी हा मालच फारसा कामाचा नाही. ‘चेंबूर डेंटिस्ट’ शोधल्यावर वर नकाशासह जी तीन नावं येतात, त्यांचा क्रम गूगलच्या म्हणण्यानुसार शोधाशी असलेला मेळ, शोधणाऱ्यापासूनचं अंतर आणि नावलौकिक या तीन गोष्टींवर ठरतो. दुवे हा तिसऱ्या गोष्टीचा केवळ एक भाग. चेंबूरच्या घाटल्यात उभ्या असलेल्या माणसाला कुठला दवाखाना आधी दिसेल, हे घाना किंवा युक्रेनमधल्या ब्लॉगवर लावलेल्या दुव्याने ठरत नाही. पत्ता, वेळा, फोन नंबर बिनचूक ठेवणं याचा उपयोग जास्त. तिथेही फसवणूक आहेच, आणि ती जास्त धोकादायक. 2018 मध्ये बँक ऑफ इंडियाने महाराष्ट्र सायबर पोलिसांकडे तक्रारी केल्या, की गूगल मॅप्सवर बँकेच्या शाखांसमोर भामट्यांनी स्वतःचे फोन नंबर घातले आहेत. ‘दुरुस्ती सुचवा’ ही सर्वांसाठी खुली सोय त्यांनी वापरली होती. फोन करणारा ग्राहक आपण बँकेशीच बोलतो आहोत या समजुतीने कार्डाचे तपशील सांगत असे. विकतच्या दुव्यांनी दुकानदाराचे पैसे जातात. या प्रकारात शोधणाऱ्या माणसाचं बँक खातं रिकामं होतं.

रिकाम्या पानांना फुकट मिळणाऱ्या 0.15 गुणांवर एक मूलगामी उत्तर 2004 मध्येच मांडलं गेलं होतं. ग्योंग्यी आणि गार्सिया-मोलिना यांनी याहूच्या यान पेडरसन यांच्यासोबत ‘ट्रस्टरँक’ सुचवला. माणसांनी निवडलेल्या, दोनशेहूनही कमी, भरवशाच्या साइटपासून सुरुवात करायची; विश्वास फक्त तिथूनच दुव्यांवाटे वाहत जाईल, आणि जितकं अंतर वाढेल तितका पातळ होईल. कुणीच ओळखत नसलेल्या पानाकडे वाटायला काहीच उरत नाही, म्हणून फार्म कोसळतो. गूगल नेमकं काय वापरतं हे ते सांगत नाही, पण विश्वासार्ह साइटच्या जवळ असणं महत्त्वाचं, ही दिशा सगळ्यांनीच घेतली.

फसवणाऱ्यांनीही ती ओळखली. खोटी साइट उभारून उपयोग नसेल तर खरी साइट ताब्यात घ्यावी. सरकारी आणि शैक्षणिक संस्थांच्या साइट जुन्या असतात, वर्तमानपत्रांपासून विद्यापीठांपर्यंत सगळे त्यांना दुवे देतात, आणि त्यांची देखभाल बहुधा कुणाचीच जबाबदारी नसते. गूगल म्हणतं की पत्त्याच्या शेवटी सरकारी शेपूट आहे म्हणून वेगळे गुण मिळत नाहीत. पण वर्षानुवर्षं जमलेले दुवे तर असतातच. मे 2024 मध्ये ‘टेकक्रंच’ या बातम्यांच्या साइटने दाखवून दिलं, की गोवा, कर्नाटक, केरळ, तेलंगणा, बिहार, मिझोराम अशा राज्यांच्या सरकारी साइटवरचे सुमारे चार डझन दुवे लोकांना ऑनलाइन सट्ट्याच्या साइटवर नेत होते. त्यांत पोलीस आणि मालमत्ता कर विभागांच्या साइट होत्या. हे गोव्यात घडलं म्हणून महाराष्ट्राने निश्चिंत राहावं असं काही नाही. मालमत्ता कर भरायला बसलेल्या माणसाला सरकारच्या पत्त्यावरून जुगाराच्या दारात नेऊन सोडणं, हा मला या साऱ्या धंद्यातला सर्वांत संतापजनक भाग वाटतो.

ताबा मिळवण्याचा कायदेशीर दिसणारा मार्गही आहे. एखाद्या शाळेने किंवा धर्मादाय संस्थेने आपल्या वेबसाइटच्या नावाचं नूतनीकरण केलं नाही, की ते नाव कुणीही विकत घेऊ शकतं, आणि तिला मिळालेले जुने प्रामाणिक दुवे नव्या मालकाकडे जातात. मार्च 2024 मध्ये गूगलने या प्रकाराला नाव घेऊन बंदी घातली. दिलेल्या उदाहरणांत जुन्या प्राथमिक शाळेच्या पत्त्यावर उभारलेला कसिनो होता. त्याच वेळी मोठ्या साइटच्या नावावर तिसऱ्याचा माल विकण्यालाही बंदी आली, म्हणजे बातम्यांच्या साइटच्या एका कोपऱ्यात भाड्याने दिलेली कूपनची पानं वगैरे. प्रकाशकांनी याला विरोध केला आणि 13 नोव्हेंबर 2025 रोजी युरोपीय आयोगाने या धोरणाचीच चौकशी सुरू केली. तो विरोध निराधार नाही. नियम करणारा, निवाडा देणारा आणि त्याच पानावर जाहिरात विकणारा एकच आहे. भारताच्या स्पर्धा आयोगाने फेब्रुवारी 2018 मध्ये शोधनिकालांत स्वतःला झुकतं माप दिल्याबद्दल गूगलला 135.86 कोटी रुपयांचा दंड केला होता, हे विसरता येत नाही.

मराठीत या सगळ्याला एक वेगळी धार आहे. आपल्या बातम्यांच्या साइट बाहेरचा दुवा क्वचितच देतात. एखाद्या अहवालावर बातमी असते पण अहवाल कुठे आहे ते नसतं; एखाद्या संशोधकाचं कौतुक असतं, त्याच्या कामाकडे नेणारी वाट नसते. खऱ्या शिफारशी इतक्या विरळ असतील तर विकतच्या थोड्याशा दुव्यांनीही पारडं झुकायला वेळ लागत नाही. गूगलचे गॅरी इलेस यांनी 2024 मध्ये सांगितलं, की पानांचा क्रम लावायला आता फार थोडे दुवे पुरतात. मग ते थोडे दुवे कुणी दिलेले आहेत, याला किंमत येते. ज्या मराठी शिक्षकाने, डॉक्टरने, ग्रंथपालाने एखादं चांगलं पान वाचलं आणि आपल्या लेखात त्याचा दुवा दिला, त्याने मराठीत शोधणाऱ्या पुढच्या माणसाचं काम सोपं केलं, असं मी मनापासून मानतो.

चेंबूर-देवनार पट्ट्यात महाविद्यालयं, संशोधनसंस्था, ट्रस्टच्या शाळा, गृहनिर्माण संस्था भरपूर आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच जणांची जुनी वेबसाइट कुठेतरी चालू आहे. ती फोडलेली आहे की नाही हे नुसता पत्ता टाइप करून पाहिल्याने कळत नाही. घुसवलेला कोड बहुधा असा असतो, की थेट येणाऱ्याला नेहमीचं पान दिसतं आणि गूगलवरून येणाऱ्यालाच सट्ट्याच्या साइटवर पाठवलं जातं. म्हणून प्राचार्यांना वर्षभर काही दिसत नाही. गूगलच्या शोधपट्टीत इंग्रजीतला ‘साइट’ हा शब्द, कोलन (:), लगेच आपल्या वेबसाइटचा पत्ता, आणि पुढे रमी, कसिनो, बेटिंग, लोन असे शब्द इंग्रजीत एकेक करून घालावेत. आपण कधीच न लिहिलेली पानं निघाली, तर नुसती ती पुसून भागत नाही. ज्या फटीतून माणूस आत आला ती, म्हणजे जुनं प्लगइन किंवा सोडून गेलेल्या कर्मचाऱ्याचं खातं, बंद करावी लागते. पुसलेली पानं मुखपृष्ठाकडे वळवू नयेत. तिथे 410 हा संकेत द्यावा, ज्याचा अर्थ पान कायमचं गेलं असा होतो. सर्च कन्सोलमधून ती काढण्याची विनंती करावी. आणि 28 एप्रिल 2022 च्या निर्देशांनुसार वेबसाइट फोडली गेल्याचं लक्षात आल्यापासून सहा तासांच्या आत सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला कळवावं.